अक्कानं न उपटलेलं झाड

आमच्या दाराशी कधी झाड टिकलं नाही, कारण आम्हीच घरी टिकत नव्हतो. दसरा झाला की आष्टी तालुक्यातलं आमचं अर्धं गाव ऊस तोडायला निघायचं, त्यात आईबाप आणि माझी मोठी बहीण, अक्का. पावसाळ्यात ती अंगणात काहीबाही लावायची. झेंडू, दोडका, एकदा तर कुणाकडून तरी आणलेली डाळिंबाची फांदी. जरा कळ्या धरल्या की ट्रक यायचा. गुढीपाडव्याच्या आसपास परतावं, तर शेळ्यांनी खाऊन उरलेल्या काड्या. मी पाचवीत गेले तेव्हा अक्कानंच बापाला सांगितलं, "हिला वसतिगृहात टाका. हिच्या वाट्याचं मी तोडते." आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. हे मी ताठ मानेनं सांगते, आणि सांगताना अक्काचं नाव आधी घेते. मागच्या महिन्यात अक्का गेली. नगरच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी वर्गात होते, खडू हातातच राहिला... पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि आता लिहायला बसले आहे.

पदवीनंतर पुढं शिकले आणि मला आष्टीत कॉलेजात नोकरी लागली. दोन खोल्या झाल्या, मागं थोडी मोकळी जागा. अक्काचा नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, तिला मी माझ्याकडं आणलं. आली त्याच पावसाळ्यात तिनं मागच्या भिंतीलगत तूर लावली, आणि त्या तुरीत एक अनोळखी रोप उगवलं.

"सुने, हे कोण आलंय बघ. मी तर न्हाई लावलं." मला ती सुनीच म्हणायची.

समोरासमोर पानं, गुळगुळीत, खालून फिकट. मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही.

"कावून? मग कालेजात पोरांना काय शिकवती?"

"फूल आल्याशिवाय नाव लावायचं नसतं, अक्का."

शेजारच्या शमीमखालानं भिंतीवरून निकाल दिला, "मेंदी है जी, सीधी मेंदी." मग दोघींनी पानं चुरगळून तळहाताला चोळली. रंग काही चढला नाही. दूधवाला म्हणाला, तण आहे. मी झाडं ओळखणाऱ्या मोबाईलच्या ॲपवर फोटो टाकून बघितला, त्यानं सकाळी एक नाव सांगितलं, संध्याकाळी दुसरंच. अक्का म्हणाली, "चुकतो, पर बोलतो तरी. तुझ्यावानी गप बसत न्हाई."

मी एकदा म्हटलंसुद्धा, जागा अडवतंय, काढून टाकू, तिथं वालाचा वेल लावू. अक्का हातातलं खुरपं बाजूला ठेवून म्हणाली, "नाव कळल्याबिगर उपटायचं न्हाई. फूल येईस्तोवर थांबू. आपल्याला आता कुठं जायाचंय?"

मी वालाचं बी परत डब्यात ठेवलं.

तूर निघाली तेव्हा मात्र घोटाळा झाला. उसाच्या फडात बुडखा वर राहिला की मुकादम शिव्या घालायचा, त्यामुळं जमिनीलगत तोडायची सवय अक्काच्या हातातच बसलेली. तिनं तूर तशीच कापली, वर खुरप्यानं मुळंही उकरून काढली, गवताची काडी शिल्लक ठेवली नाही. "आता कसं मोकळं झालं बिचारं," म्हणाली. थोड्याच दिवसांत त्या रोपाची पानं पिवळी पडायला लागली. तिनं पाणी वाढवलं, ते आणखीच मान टाकायला लागलं. त्याच हिवाळ्यात तिच्या किडन्यांचं दुखणं निघालं होतं. नगरला डायलिसिस करून आली की चपलाही न काढता ती मागं जायची. एकदा तिथंच मटकन खाली बसली. "लावलेलं कधी टिकलं न्हाई. आता न लावलेलं बी चाललं."

मी हातानं माती बाजूला सारली. एका बाजूला तुरीच्या मुळाचा तुटका तुकडा राहिला होता, आणि त्या रोपाची बारीक मुळं त्याला बटणासारखी चिकटलेली होती. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आले होते. मातीत पहिल्यांदाच बघितलं.

"अक्का, हे चंदन असावं."

तिनं पान चुरगळून नाकाशी धरलं. "वास न्हाई. मला येडी समजती का?"

"वास आतल्या लाकडाला, तोही लई वर्षांनी. याची मुळं दुसऱ्याच्या मुळातून ओढून घेतात. तू तूर काढली, याच्या पुढचं ताटच गेलं."

अक्का वाकून त्या मुळांकडं बघायला लागली. "म्हंजे दुसऱ्याच्या जिवावर वाढतंय."

"हो."

"तुझ्यावानी."

आम्ही इतक्या हसलो की शमीमखालानं भिंतीवरून डोकावून विचारलं, क्या हुआ. मी तर हसता हसता मध्येच थांबले. अक्का थांबली नाही.

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याच्याभोवती तूर टोकली. पावसाळ्यात नवी पालवी आली. पण "असावं" एवढ्यावर माझं समाधान होत नव्हतं, आणि अक्काचं दुखणं काही फुलासाठी थांबणार नव्हतं. वर्षं गेली तशी ती हडकत चालली. खुर्चीवर बसून झाडाकडं बघायची, तुरीला पाणी द्यायला मला हाका मारायची. शेवटी बारीक फुलांचे घोस आले. ते पहिल्यांदा तिलाच दिसले, आणि ओळख पटवणारी खूणही तिनंच टिपली. "सुने, काल पिवळट होतं ते फूल आज तांबडं झालंय." मी पुस्तक घेऊन धावले. चार पाकळ्या, पिवळट उमलून तांबडी होत जाणारी. चंदनच. आता शंकेला जागा नव्हती.

कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात वाळवून ठेवायला फुलांची एक डहाळी हवी होती. "कोयता आणू का?" असं म्हणून अक्का हसली, आणि माझ्या कात्रीनं अगदी हलक्या हातानं डहाळी कापून दिली. वाळल्यावर ती जाड कागदावर चिकटवली, खाली माहिती लिहायला बसले. गोळा करणाऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "तुझंच लिही. ओळखलं तू."

"ओळखणाऱ्याची ओळ वेगळी असते, अक्का. ही गोळा करणाऱ्याची."

शाळेच्या कुठल्याही पटावर तिचं नाव कधी चढलं नाही. मी ते पूर्ण, ठळक अक्षरात लिहिलं आणि तिला दाखवलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं. "एवढं मोठं हाय व्हय माझं नाव?"

तो कागद आमच्या कॉलेजच्या कपाटात आहे. चंदन, आष्टी, घरामागची बाग. ओळखलं मी. गोळा केलं शांताबाईनं.