आज त्यानं काकूला ‘आवं’ म्हटलं

मंडळी, आज दुपारी आमचं काम गेलं.

कुंडलमध्ये आम्ही तिघी एका कंपनीच्या एआयला आपल्याकडचं बोलणं शिकवत होतो. हेडफोन लावून त्याचं बोलणं ऐकायचं आणि चुका काढायच्या, हे काम माझं आणि शबानाचं. शोभाकाकू फक्त माईकवर बरोबर बोलून दाखवायची. सुरुवातीला ‘पाणी हाय’ म्हटलं की त्याला वाटायचं, आम्ही पाण्याला हॅलो करतोय. शबाना हसून लोळायची. मोठ्या माणसाला ‘आवं’ म्हणायचं, हे काकूनंच बोलून बोलून त्याच्या गळी उतरवलं.

आज काकूला फोन आला. तिनं स्पीकर लावला.

“आवं काकू, लय चांगलं काम केलंसा. आता मशीनला समदं येतंय. उद्यापासनं काम न्हाई.”

मी आणि शबानानं एकमेकींकडं बघितलं. रोज कानात वाजणारा आवाज होता तो.

“व्हय रं बाळा,” काकू म्हणाली. “जेवलास का?”

फोन कट झाला होता.

काकूनं पदरानं डोळे पुसले. “काम गेलं ते गेलं. पोरगं लय गोड बोललं गं. आईनं वळण चांगलं लावलंय.”

काकू फेसबुकवर नाही, म्हणून इथं लिहितेय. ती आई कोण, हे तुम्ही तिला सांगितलं असतं का?