जुन्या विमानतळाची मापं काढताना

मापं घ्यायला माणूस गेला की वहीत फक्त आकडे येतात. बाकी जे काही येतं ते ऑफिसच्या चहाबरोबर साठत जातं. शिवाजी पेठेतल्या आमच्या आर्किटेक्ट ऑफिसात असे किस्से इतके साठलेत, की नवीन कोणी जॉइन झालं की पहिले दोन दिवस त्याला कामच नसतं. नुसतं ऐकायचं!

त्यातले सगळ्यात जास्त किस्से विमानतळाचे. गावाबाहेरची ती जुनी, बुटकी इमारत नव्यानं करायची होती. त्याआधी तिच्यातली प्रत्येक जुनी गोष्ट मोजून कागदावर उतरवायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही चौघं. भूपाल सर, म्हणजे आमचे मालक, जुनं बांधकाम दिसलं की जेवण विसरणारे. मी ड्रॉइंग काढणारी. फोटोंसाठी सच्या, पक्का शिवाजी पेठेतला. आणि मोझॅकची फरशी नुसत्या हातानं ओळखणारे हातकणंगल्याचे आनंदा मिस्त्री.

*

पहिल्याच दिवशी सर हॉलच्या मधोमध उताणे झोपले. वर छताला प्लास्टरची एकात एक अशी गोल कडी आहेत, ती तिथूनच नीट दिसतात. मी टेप आणायला गाडीकडे गेले होते. परत येते तर सरांभोवती ही गर्दी!

"पावणं, काय झालं वं?"

"फिट आली वाटतं. चप्पल हुंगवा, चप्पल!"

एका काकांनी खरंच पायातली कोल्हापुरी काढून सरांच्या नाकाशी धरली.

सर शांतपणे म्हणाले, "काका, चप्पल जरा डावीकडं घेता? तिसरं कडं दिसंना झालंय."

*

आनंदा मिस्त्रींची पद्धत वेगळी. ते उकिडवे बसायचे, बाटलीतलं थोडं पाणी फरशीवर ओतायचे आणि तळव्यानं गोल गोल घासायचे. मग धुळीखालून हिरव्या, काळ्या, पांढऱ्या खड्यांचे रंग वर यायचे. हे बघून बंदोबस्ताचा जवान धावत आला.

"ये क्या कर रहे हो?"

मिस्त्रींनी मानसुद्धा वर केली नाही. "फरशी का तोंड धोतोय, भाईसाब!"

 मिस्त्री घासत घासत भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. बाकी सगळीकडे खडे कसे दाट, एकाला एक लागून. त्या कोपऱ्यात विरळ.

"ताई, ही फरशी एकाच माणसानं केलीया," ते मला म्हणाले. "पर ह्या कोपऱ्यावर आला तवा त्येचं लगीन ठरलं असणार. मन न्हाय हितं!"

मी वहीत लिहिलं, 'कोपरा, खडे विरळ.' कारण लिहायला रकाना नव्हता.

*

हॉलमध्ये एक घड्याळ आहे. आकडे नाहीत, काटे आणि बारा पितळी पट्ट्या, बस्स. सर त्यावर अर्धा तास बोलू शकतात, आणि बोलतात! एकदा शेजारी कागलच्या एमआयडीसीत मशिनशॉप चालवणारे एक पाटील उभे होते. त्यांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं. साधेपणा, सौंदर्य, जुन्या लोकांची नजर, सगळं.

मग म्हणाले, "ग्वाड हाय घड्याळ. पर आमच्याकडं लावलं तर अख्खी शिफ्ट म्हणंल, आम्ही येळेवरच आलोय की!"

*

सच्यानं महिनाभरात पाचशे फोटो काढले. सगळे झकास, रंगीत. फक्त पोर्चमधल्या खांबांचे काळेपांढरे. त्या खांबांवर दोन रंगांच्या नखाएवढ्या टाइल्स आहेत आणि आम्हाला रिपोर्टमध्ये नेमके तेच रंग दाखवायचे होते.

सर वैतागले. "अरे, खांबच काळेपांढरे का?"

सच्या जमिनीकडे बघत म्हणाला, "सर, ते दोन रंग आमच्या हाडवैरी पेठेच्या फुटबॉल टीमच्या जर्सीचे हाईत."

"मग?"

"फोटो घरच्या कॉम्प्युटरवर उघडतोय सर. आमच्या आबांनी बघितलं तर मला जेवायला कोण वाढणार?"

शेवटी खांबांचे फोटो मी काढले, माझ्या मोबाईलवर. माझं सासर-माहेर दोन्ही हातकणंगल्याकडं, मला कसली टीम!

*

मग आली मीटिंग. मोझॅक झाकून वर चकचकीत टाइल्स बसवायच्या असं जवळजवळ ठरलं होतं. निर्णय घेणारे मोठे साहेब बाहेरगावहून आले होते आणि सरांना मिळाली होती दहा मिनिटं. सरांनी आठवडाभर प्रेझेंटेशन केलेलं. हॉलमध्ये टेबल मांडलं, नव्या टाइलचा नमुना खाली ठेवला, लॅपटॉप उघडला, तर तो अपडेट व्हायला लागला! सहा टक्के. सात टक्के. सरांच्या कपाळावर घाम.  साहेबांनी घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात मागून आनंदा मिस्त्री पुढं आले. "सायेब, बूट काढा."

 साहेबांना वाटलं, इथं काही देवबिव आहे. त्यांनी काढले. मोजेही काढले.

"आता ह्या नमुन्याच्या टाइलवर हुबं ऱ्हावा. आता हिकडं, जुन्यावर या."

उन्हाळ्याचे दिवस, भर दुपार. साहेब जुन्या फरशीवर आले आणि तिथंच थांबले. मग चार पावलं चालले. मग अख्खा हॉल चालून आले, हात मागं बांधून, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे.

"गार आहे हो," ते म्हणाले. "लहानपणी आमच्या शाळेत अशीच होती." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "माझे बूट कुठं गेले?"

बूट मिस्त्रींच्या काखेत होते. "फरशी ठेवताय का सांगा सायेब, मग देतो!"

सर डोळे मिटून उभे होते. साहेब मात्र पोट धरून हसले. फरशी राहिली. लॅपटॉप तेव्हा एकोणतीस टक्क्यांवर होता.

*

शेवटच्या दिवशी फक्त टेलिफोनचं जुनं बूथ मोजायचं राहिलं होतं. जिन्याखाली सागवानी दाराचं, गोल काचेचं, आत बसायला छोटी फळी असलेलं. फोन कधीच काढून नेलेला, भिंतीत वायरचं नुसतं भोक. मी टेप घेऊन गेले तर आत एक आजी, दार लावून! बाहेर आजोबा, हातात दोघांचे बोर्डिंग पास आणि पिशवी.

"आजोबा, आत कोण?"

"आमची मंडळी. फोन कराय गेल्यात. पयल्यांदाच बसतोय न्हवं इमानात."

"अहो, पण आत फोन नाही!"

"ठावं हाय की तिला."

एवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यांनी तो बंद केला.

"आजोबा, मोबाईल आहे की तुमच्याकडं. त्यावरनं लावायचा ना."

"त्यो माणसांस्नी लावायचा," आजोबा म्हणाले. "देवाला हितनं."

 काचेतून आजी दिसत होत्या. पदर नीट घेतलेला, ओठ हलत होते, मधेच थांबून ऐकत होत्या, मान डोलवत होत्या. एकदा तर हसल्या. मग दार उघडून बाहेर आल्या.

"झालं?" आजोबांनी विचारलं.

"झालं. तुमास्नी बी फोनवर बोलीवलंय."

आजोबांनी पिशवी आजींच्या हातात दिली. डोक्यावरची टोपी काढली, आत गेले आणि दार ओढून घेतलं.  मग आतून आवाज आला,

"हॅलो. व्हय, मीच बोलतोय."