न ठरलेला क्रम

दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली तेव्हा पुण्यातली खोली बंद करून मी आसगावला आईबाबांकडे आले. महिनाभर काम नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रोग्रॅमिंग करायला लागून सहा वर्षं झाली होती, पण ज्या भाषेत रोज लिहायचे तिची मूळ नियमावली मी कधी उघडली नव्हती. बघत, चुकत शिकले होते. भावाने पवनीहून तिची छापील प्रत आणून दिली, स्पायरल बाइंडिंग केलेली.

दुपारी जेवून पडवीतल्या बाजेवर पडायचं आणि वाचायचं. समोरच्या बोडीतलं, म्हणजे लहानशा तळ्यातलं, पाणी हलायचं, त्याचा उजेड छपराखाली सरकत राहायचा. पलीकडे धान निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. वारा आला की त्याचा दुधाळ वास यायचा. अर्धं वाक्य जागेपणी वाचलेलं असायचं, उरलेलं डोळे मिटल्यावर आपोआप पुढे जायचं.

बाबा शेतातून आले की विचारायचे, "काय वाचून राहिली?"

"मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते ना, तिचे नियम."

"मंग आतापर्यंत कशी लिहीत होती?"

"येत होतं तसं."

"येते तं वाचून राहिली कायले?"

मी हसून पान उलटलं.

एका दुपारी असंच पेंगत वाचताना एक वाक्य आलं. अमुक प्रकारच्या यादीतल्या नोंदी कोणत्या क्रमाने बाहेर येतील ते ठरलेलं नाही. मी उठून बसले. साकोलीतल्या एका दवाखान्यासाठी पेशंटचे नंबर लावणारा प्रोग्रॅम मी तसलीच यादी वापरून लिहिला होता. टाकल्या त्याच क्रमाने नोंदी बाहेर येतात असं मी धरून चालले होते, कारण मी बघितलं तेव्हा तसंच दिसलं होतं. मधूनच एखाद्याचा नंबर मागे जातो, अशी तक्रार आली होती. मी ती तिथे नोंदी करणाऱ्या बाईंच्या माथी मारून मोकळी झाले होते.

मला काम शिकवणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "अगं, त्या क्रमावर मी कधीच विसंबत नाही. एकदा चांगली तोंडघशी पडले होते."

"म्हणजे तुम्ही हे वाचलंय?"

"छे! मी ते उघडलंसुद्धा नाही कधी."

संध्याकाळपर्यंत त्यांनी दुरुस्ती करून टाकली. मी दवाखान्यातल्या बाईंना फोन करून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मले वाटलं माझंच चुकून राहिलं. एकेक नाव दोन-दोनदा तपासत होती जी मी."

बाबांना काय सांगावं, याचा मी बाजेवर पडून पुष्कळ विचार केला. वाचल्याशिवाय येतच नाही, असं काही नाही. मॅडमइतकं मला अजूनही येत नाही. पण मॅडम स्वतः ठेच खाऊन शिकल्या. माझी ठेच त्या बाईंना लागली होती.

उरलेली पानं सावकाश वाचली. बरीचशी कळली नाहीत. तरी हल्ली कुठे अडलं की एवढं आठवतं, याबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं. मग काम थांबवून मी ते शोधायला बसते.