चाकांवरचा उंबरा

"मामा, कुठं निघालात?" असं कुणी विचारलं की ते गिअर टाकता टाकता खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "कुठं न्हाई, घरीच हाय की." मग गाडी धूर सोडत निघून जायची आणि विचारणारा तिथंच उभा. नव्या माणसाला वाटायचं, याचं डोकं फिरलंय. आम्ही माजलगावचे जुने लोक हसायचो, कारण मामा खरं तेच सांगत असत.

त्यांचं घर म्हणजे एक जुनी मेटॅडोर. मामा, मामी आणि त्यांची लेक सुमन, तिघं त्यातच राहायचे. आज आमच्या बाजारात, उद्या बीडला, परवा केजच्या बाजूला कुठंतरी. कुकर, स्टोव्ह, मिक्सर दुरुस्त करायचे. नव्वदनंतरची ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. जिथं पाटा-वरवंट्याशिवाय काही नव्हतं त्या घरात मिक्सर आला आणि महिन्याभरात बंदही पडला. विकणारे आम्ही पुष्कळ होतो, दुरुस्त करणारे मामा एकटे.

माझं भांड्यांचं दुकान. आमची ओळख भांडणातून झाली. बाजाराच्या दिवशी सकाळी शटर वर केलं तर दारासमोर ही गाडी. तिच्या आरशापासून माझ्या पाटीच्या खिळ्यापर्यंत दोरी, आणि दोरीवर लुगडी वाळत घातलेली. माझा पारा चढला.

"ओ, ही काय धर्मशाळा आहे का? आधी कपडे काढा."

मामा चाकामागं दगड लावत होते. उतार असो नसो, गाडी थांबली की आधी चारी चाकांना दगड, मग बाकीचं. ते सावकाश उठले. "काढतो की अप्पा. वलीच हायती, वाळू द्या जरा. तवर च्या घ्या."

मी चहा घेणार नव्हतो. पण आतून मामींनी कप पुढं केला, तो घ्यायला वाकलो आणि बघतच राहिलो. गाडीच्या मागच्या दाराला चक्क लाकडी उंबरा बसवलेला, त्यावर हळदकुंकू, वर आंब्याच्या पानांचं तोरण. आत परळीच्या वैजनाथाचा फोटो. फळी साखळीनं भिंतीला अडकवलेली, खाली सोडली की पलंग. भांडी आकड्यांना टांगलेली. "रस्ता खराब आसला की लई वाजत्यात," मामी म्हणाल्या, "कानात कापूस घालून बसते मी." टपावर पाण्याची टाकी, ती उन्हानंच तापायची. आमच्याकडं रोज बंबावरून कटकट, आणि इथं फुकटात गरम पाणी.

"मामा, गाडीला उंबरा कशाला?"

"मंग घरात शिरलो हे कळावं कसं?"

त्यांचं गाव धरणात गेलं होतं. नव्या गावठाणात जागा मिळाली, तिथं धाकट्या भावानं घर बांधलं. मामांनी जागा भावावर सोडली आणि गाडी घेतली. "आता पानी आलं तरी काय, गाडी चालू करायची न् सरकायचं," असं हसत सांगायचे. पण धरणाकडचा रस्ता मात्र कधी घेत नसत, लांबून वळसा घालून यायचे. मीही कधी त्यावरून छेडलं नाही. दोरीसाठी मात्र पाटीखाली एक दणकट खिळा मीच ठोकून दिला.

मग सुमन लग्नाला आली. पोरगी हुशार, मिक्सरची वायंडिंग बापापेक्षा सफाईनं भरायची. स्थळं यायची आणि "घर कुठं?" इथं अडायची. दोन स्थळं तर चहा न घेताच परत गेली. त्या दिवसांत मामांचं "घरीच हाय" हळू आवाजात यायला लागलं. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी युसूफ वडगावचं एक शेतकरी घर पाहायला यायला तयार झालं. मी म्हटलं, "मामा, दुकानावर माझ्या खोल्या आहेत. त्या दिवशी आम्ही माझ्या भावाकडं जातो. तुमचंच घर म्हणून दाखवा."

मामांनी मान वर करून खोल्यांकडं पाहिलं. खरं सांगतो, त्यांना मोह झाला होता. मामी आतून म्हणाल्या, "पोरगी अप्पाच्या घरात दाखवायची, आन् बाळंतपन कुठं करायचं? अप्पाच्याच घरी का?"

"करू की," माझी बायको म्हणाली. पण मामींनी ऐकलं नाही.

गाडी दुकानामागच्या मोकळ्या जागेत लागली. मामींनी तिच्यापुढं सडा घातला, रांगोळी काढली. पाहुणे आले. चपला नेमक्या कुठं काढायच्या हेच त्यांना कळेना. मुलाच्या वडिलांनी गाडीला एक चक्कर मारली आणि उगाच एक टायर दाबून पाहिलं. पोरगी पसंत पडली, पोहे फिरले. मुलाची आई मात्र बाहेर सतरंजीवरच बसलेली, पोह्यांची बशी तिनं घेतलीच नाही. बाई तोंडाची फटकळ.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "पन पंचमीला माहेरी कुठं जाईल? पयलं बाळंतपन कुठं? हिला माहेर हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सगळ्यांचे चमचे थांबले. मामा चाकापाशी दगडावर हात ठेवून बसले होते. ते म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या पोरी माहेरी जात्यात. माझ्या पोरीचं माहेर तिच्या दारात यील. पंचमीला गाडी न्हाई आली, तर मंग म्हना माहेर न्हाई म्हनून."

बाईनं पदर सावरला. मग उठली, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत जाऊन बसली. "आना, पोहे द्या," म्हणाली.

लग्न झालं. पंचमी आली की गाडी युसूफ वडगावला हजर. पहिल्या बाळंतपणात मूल दवाखान्यात झालं, पण पुढचा सव्वा महिना सुमन गाडीत होती, सासरच्या अंगणात आणि माहेरी.

एका वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी इंजिन बसलं, तेही माझ्या दुकानापुढं. फिटर म्हणाला, आठ दिवस लागतील. अख्ख्या जिल्ह्याचे मिक्सर चालू करणारा माणूस रस्त्यावर बसून राहिला.

"एसटीनं जा की मामा," मी म्हटलं.

"मी जाईन वो अप्पा. माहेर कसं जाईल?"

मी लगेच उठलो. दुकान बंद केलं आणि ट्रॅक्टर शोधायला निघालो. साखर कारखाने बंद होते, त्यामुळे ट्रॅक्टर रिकामेच होते. साखळी बांधून गाडी ओढत नेली. मामी मागं कानात कापूस घालून, मी पुढं बसलेलो, आणि मामा स्टिअरिंग धरून अशा रुबाबात की जणू गाडी तेच चालवतायत. केजच्या अलीकडं एका ओळखीच्यानं विचारलं, "मामा, कुठं निघालात?"

"कुठं न्हाई, घरीच हाय की."

दिवेलागणीला पोचलो. सुमन दारातच उभी होती. तिच्या आधी सासूच पुढं आली आणि ट्रॅक्टरवाल्यावर ओरडली, "सावकाश घे रं. उंबऱ्याला धक्का लागंल."

मामा गेले तेही घरीच. दुपारी जेवून फळीवर आडवे झाले ते उठले नाहीत. जावयानं गाडी नेऊन आपल्या अंगणात चिंचेखाली लावली आणि चारी चाकांना दगड लावले. मामी तिथंच राहतात.

त्यानंतरच्या पंचमीला मला राहवलं नाही, मी युसूफ वडगावला गेलो. उंबऱ्याला ताजं हळदकुंकू होतं. आता ते सुमनची सासू लावते. थोड्या वेळानं सुमन घरातून बाहेर आली. नवं लुगडं, हातात कपड्यांची पिशवी. सासूच्या पाया पडली. "येते आत्या."

"ये. चार दिस ऱ्हा."

अंगण म्हणजे फार तर वीस पावलं. मामींनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुमन उंबरा ओलांडून आत गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

सासूबाई माझ्या चहाच्या तयारीला लागल्या. एक डबा उघडला, दुसरा उघडला, फळीवर हात फिरवला. मग दारात येऊन गाडीकडं तोंड करून हाक मारली, "सुमन, साखरेचा डबा..." आणि मधेच थांबल्या.

"जाऊ द्या," मला म्हणाल्या. "माहेरी गेलीया ती. हुडकते मी."