आत्या आणि बाजूचा दरवाजा

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. आमच्या छावणीतल्या चर्चला रविवार शाळेच्या खोलीकडे उघडणारा एक बाजूचा दरवाजा आहे. कितीतरी वर्षं, शेवटच्या गीताचं शेवटचं कडवं सुरू झालं की मी त्या दरवाजातून निघून जायचो. आशीर्वादाचे शब्द मी बाहेर, मोटरसायकलला किक मारता मारता ऐकलेले आहेत. कारण एकच. पुढच्या दरवाजात आत्या उभ्या असायच्या.

आत्या हात सोडायच्या नाहीत. उपासना संपल्यावर आमच्यात सगळे एकमेकांना हात मिळवून ‘सलाम’ करतात. पाळक एका बाजूला आणि आत्या दुसऱ्या बाजूला. पाळकांचा सलाम दोन क्षणांत उरकायचा. आत्यांनी मात्र हात धरला की समोरचा माणूस कुठलं तरी काम पत्करेपर्यंत तो हात त्यांचाच. सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. मूळच्या पिशोरच्या, शाळेत शिक्षिका म्हणून आयुष्य गेलेलं, अंगाने काटकुळ्या. पण पकड अशी, की गडीमाणूससुद्धा चुळबुळायचा.

बरं, काम त्या वाटेल ते द्यायच्या नाहीत. माणसाची खोड हेरायच्या आणि तिलाच कामाला जुंपायच्या. आमचे याकोबराव म्हणजे मुलखाचे भांडकुदळ. आत्या त्यांना म्हणाल्या, “याकोबराव, एवढं चांगलं भांडण घरातच वाया चाललंय. म्हाताऱ्यांच्या पेन्शनसाठी कचेरीत भांडायला चला की!” तेव्हापासून याकोबराव कचेरीत खणखणीत आवाजात भांडू लागले आणि घरी त्यांची बायको दुपारची झोप घेऊ लागली. रूथबाईंचा स्वयंपाक कायम जास्त व्हायचा आणि नवरा रोज कुरकुरायचा. आत्यांनी वाळूजच्या कंपनीत लागलेली, खोली करून राहणारी चार पोरं शोधून काढली. “रूथ, तुझा हात मोठा हाय, त्याला तू काय करशील? खाणारी तोंडं वाढव,” म्हणाल्या.

शहराचं नाव बदललं तेव्हा उपासनेनंतर अंगणात जोरात चर्चा चालली होती. आत्या मधूनच म्हणाल्या, “व्हय रे, नाव बदललं. पण गल्लीतल्या म्हाताऱ्यांचे गुडघे तेच हायेत. उद्या मालिश करायला कोण जाणार?” अंगण पटापट रिकामं झालं. हातात सापडले ते दोघं दुसऱ्या दिवशी मालिश करायला गेले.

मी का पळत होतो, तेही आता सांगून टाकतो. माझे वडील जाण्याआधी वर्षभर अंथरुणाला खिळून होते. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, माणसं पाळ्या लावून त्यांच्याजवळ बसायची. त्या पाळ्या आत्यांनीच लावलेल्या. मी मात्र कंपनीत मागून मागून सेकंड शिफ्ट घ्यायचो. कंपनीने कधी जबरदस्ती केली नव्हती. बाबांचं कण्हणं मला ऐकवत नव्हतं, आणि त्यांच्याशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. मी तसा अबोलच. “बिचाऱ्याला कामातून सुट्टी नाही,” असं लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो. त्या आत्यांच्या हातात हात कुठल्या तोंडाने देणार?

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षीचा हंगामाचा सण. या सणाला मंडळी आपापल्या हंगामातलं काहीबाही आणून वेदीपुढे ठेवतात: मक्याची कणसं, सीताफळं, कापसाची बोंडं, एखादा पाय बांधलेला कोंबडा, घरी केलेला केक. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. आमच्यात पद्धत अशी, की बोली जिंकणारा वस्तू घरी नेत नाही. “परत लिलावाला!” असं ओरडून ती पुन्हा टोपलीत टाकतो. एकच मोसंबं अशा रीतीने अर्ध्या मंडळीच्या हातांतून फिरतं. लिलाव पुकारायला अर्थातच याकोबराव.

त्या वर्षी कोंबडासुद्धा विकला गेल्यावर आत्या एक रिकामी टोपली घेऊन पुढे आल्या.

“आता पैसे नकोत,” त्या म्हणाल्या. “आता दिवस बोला. या टोपलीत गल्लीतली माणसं हायेत.”

चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक गृहस्थ उठले. “आत्या, सण आपल्या मंडळीचा आहे. गल्लीतले निम्मे लोक आपल्यातले नाहीत.”

“मंडळीतले नायत, गल्लीतले तर हायेत? देवाला आपली गल्ली दिसत नसंल व्हय?”

लोक हसले, पण हात कोणी वर करेना. आत्या टोपली धरून उभ्या. एवढ्या वर्षांत त्यांनी एकेकाचा हात धरून काम दिलं होतं. सगळ्या मंडळीपुढे हात पसरण्याची ही पहिलीच वेळ. ती टोपली रिकामीच परत गेली असती, तर त्यांनी पुन्हा कोणाला हाक मारली असती असं मला वाटत नाही.

“हमिदाबी,” आत्यांनी पुकारलं. “डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे.”

मागून एक मुलगी चाचरत म्हणाली, “आठवडा.” तिची बहीण लगेच, “महिना!” पहिली चिडून, “डोळे बरे होईस्तोवर!” याकोबरावांच्या अंगात वारं शिरलं. “एक वार, दोन वार, तीन वार!” सोयगावकडून गल्लीतल्या नातलगांकडे उतरून मोठ्या दवाखान्यात येणाऱ्या, शहरात बावरून जाणाऱ्या बायामाणसांना स्टँडवरून सोबत करायचं काम एका रिटायर्ड कंडक्टरने घेतलं. मग बोलीवर बोली चढू लागली. त्या उत्साहात कंडक्टरसाहेब जुन्या सवयीने ओरडले, “परत लिलावाला!”

“ओ साहेब!” आत्या कडाडल्या. “हे मोसंबं नाय! परत देता येत नाय!”

अंगण हास्याने दणाणलं. मी मोटरसायकलकडे निघता निघता बाजूच्या दरवाजाच्या पायरीवर थांबलो होतो आणि मलाही हसू आवरेना.

शेवटी राहिले गुरुजी. रिटायर्ड शिक्षक, बौद्ध समाजातले, चर्चच्या मागेच एकटे राहणारे. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला होता. “त्यांच्याकडं जाणारे लई बोलतात,” आत्या म्हणाल्या. “आपणच विचारतात, आपणच उत्तर देतात. गुरुजी वैतागलेत. त्यांना जवळ गुमान बसणारा माणूस पायजे.”

बोली येईना. बडबड्यांना ते जमणारं नव्हतं, आणि आमची सगळी मंडळी बडबडी. आत्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तरी माझ्या तोंडून शब्द निघून गेला, “मी.”

अख्खी मंडळी वळली. माझा आवाज कित्येकांनी पहिल्यांदाच ऐकला असेल. याकोबराव म्हणाले, “अरे वा, शमुवेल! बोला, किती दिवस?”

मला आकडा सुचेना. म्हणालो, “परत देणार नाही.”

याकोबरावांनी “एक वार” म्हटलं आणि पुढचं म्हणायलाच विसरले. पोरांनी टाळ्या पिटल्या. आत्या चालत माझ्यापाशी आल्या, हात मिळवला, म्हणाल्या, “सलाम, लेकरा,” आणि हात लगेच सोडला. असं त्यांनी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत केलेलं मी पाहिलं नाही.

गुरुजींकडे गेलो की मी सलाम म्हणतो, ते ओठांनीच जयभीम म्हणतात. मग आम्ही टीव्हीचा आवाज बंद करून क्रिकेट बघतो. विकेट पडली की ते माझ्या मांडीवर असा रट्टा हाणतात, की पँटवर पाचही बोटं उमटावीत. पहिल्यांदा तिथे बसलो तेव्हा मला कळलं, की बाबांनाही माझ्याकडून एवढंच हवं असणार. बोलणं नव्हेच, नुसतं बसणं. त्या दिवशी सामना संपला तरी मी उठलो नाही. गुरुजींनी टीव्ही चालूच ठेवला.

टोपली दर सणाला निघू लागली. पुढे हमिदाबींचा नातू येऊन कोणाची तरी गॅसची टाकी आणून देण्याची बोली लावून गेला. आणि एका सणाला स्वतः गुरुजी आले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. “रविवार शाळेच्या पोरांना गणित,” असं आत्यांनी पुकारलं मात्र, गुरुजींनी दोन्ही हात वर केले आणि फळ्यावर खडू चालवल्यासारखी हवेत बेरीज मांडली. याकोबराव बेंबीच्या देठापासून ओरडले, “गुरुजींची बोली आली हो!” सारं अंगण उभं राहिलं. ज्या पंचांनी हरकत घेतली होती, तेच सर्वांत आधी उठले. रविवारी दुपारी आजही रविवार शाळेच्या खोलीत तो मुका तास चालतो आणि पोरं चिडीचूप बसतात.

आत्या शेवटी अंथरुणाला लागल्या तेव्हा त्यांच्याजवळ बसायला इतकी माणसं जमायची, की पाळी मिळवायला भांडावं लागे. ते काम याकोबरावांकडे. मी जाऊन नुसता बसायचो. एका दुपारी त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, “शमुवेल, त्या बाजूच्या दाराला तेल कोण घालत होतं, ठाऊक हाय का?”

मी खुर्ची जरा पुढे ओढली.

“मीच. लई करकरायचं. लोक वळून बघायचे आणि तू लाजायचा. पळायला एक दार पायजे माणसाला, नायतर तो यायचाच बंद होतो.” मग त्यांनी माझा हात धरला, जुन्या पकडीने. “आता माझ्यामागं पुढच्या दारात तू उभा राहा. व्हय म्हण.”

मी व्हय म्हणालो. मग कुठे त्यांनी हात सोडला.

त्यांची शवपेटी पुढच्या दरवाजातून निघाली तेव्हा चर्चमध्ये मावेनात एवढी माणसं गल्लीत उभी होती, आपली आणि परकी अशी वेगळी काढता न येणारी. तेव्हापासून मीही पुढच्याच दरवाजाने बाहेर पडतो. बाजूच्या दरवाजाला तेल मी घालतो, कारण अलीकडे शेवटच्या कडव्याला तिथून एक तरुण निघून जाताना दिसतो.

पण पाळकांच्या समोरची ती जागा अजून मोकळी आहे. तिथे उभं राहून मी अजून एकाचाही हात धरलेला नाही. ते देणं माझ्याकडे बाकी आहे.