प्रत कुठून आली

रविवारी आमची पुस्तक-परीक्षणांची वेबसाईट सुरू झाली. भवानी पेठेत, शैलजाच्या घरी, दुपारी चार वाजता... आणि चार वाजून दहा मिनिटांनी मला मान खाली घालावी लागली.

शैलजा माझी जुनी विद्यार्थिनी. आता शाळेत शिकवते. वर्षभर आम्ही दोघं या साईटची आखणी करत होतो.

नियम एकच, आणि तो माझा. भेट मिळालेल्या पुस्तकावर लिहायचं नाही. आमच्याकडे लेखक हातात पुस्तक ठेवतो तेव्हा खांद्यावर सत्काराचा टॉवेलही येतो... मग खरं कसं लिहिणार? म्हणून प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ ठरवली : 'प्रत कुठून आली'. विकत, की ग्रंथालयातून.

सहा परीक्षणं तयार झाली. पाच माझी, एक तिचं. तिचं होतं मोडनिंबच्या एका शिक्षकांच्या पहिल्या कथासंग्रहावर. चांगलं लिहिलं होतं... जरा जास्तच चांगलं. आणि खालची ओळ रिकामी होती.

विचारलं तर म्हणाली, "मिळालं हो सर, इथंच." एकदा ते पुस्तक तिच्या पिशवीत दिसलं. पहिल्या पानावर शाईने काहीतरी लिहिलेलं होतं. मी पाहतोय म्हटल्यावर तिने ते झटकन मिटलं.

लेखकाच्या फेसबुकवर गेलो. त्यांचे तीन फोटो शैलजाने लाईक केलेले... मला तेवढं पुरलं.

शनिवारी मी तिचं परीक्षण साईटवरून काढून ड्राफ्टमध्ये टाकलं. तिला कळवलं नाही. ऐन उद्घाटनात वाद नको, असं स्वतःलाच सांगितलं.

रविवारी तिच्या वडिलांनी एका बोटाने एंटर दाबलं. जन्म यंत्रमागावर गेलेला माणूस. स्क्रीन बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "लई पांढरं हाय की, सर. चादरीला काठ तरी असतोय."

आम्ही हसलो. मग ते आणखी जवळ वाकले. "आमच्या पोरीचं कुटं हाय?"

"तांत्रिक अडचण आहे," मी म्हणालो.

साईट शैलजाने बांधलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "अण्णा, जरा चहाचं बघता का?" ते आत गेल्यावर तिने कपाटातून पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं.

निळ्या शाईत माझं नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'अभिप्रायाच्या प्रतीक्षेत'.

"रद्दीच्या दुकानात मिळालं, सर. विकत घेतलं. पण 'विकत' लिहिलं तर कुठून, तेही सांगावं लागलं असतं. त्या ओळीत काय लिहू, ते सुचेना..."

मग आठवलं. ते शिक्षक एसटीने आले होते. पाणी पिऊन दहा मिनिटं बसले. "वाचून कळवतो," मी म्हणालो होतो. दिवाळीच्या आवराआवरीत भेट आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा रद्दीत गेला. त्यात काय काय होतं, ते मी पाहिलंही नव्हतं.

"आणि ते लाईक?" मी विचारलं. एवढं झाल्यावरही विचारलं...

"आवडलं पुस्तक. लेखक कोण, ते बघितलं. बघू नये का?"

अण्णा चहा घेऊन येईपर्यंत मी तिचं परीक्षण साईटवर परत आणलं. सगळ्यात वर ठेवलं. रिकामी ओळ मीच भरली : 'प्रत लेखकाने मला दिलेली, मी न वाचता रद्दीत घातलेली, शैलजाने विकत घेतलेली.'

"एवढं नका लिहू, सर," ती म्हणाली. "ते वाचतील."

वाचू देत. अभिप्रायाची वाट ते पाहतच होते... तो माझ्याऐवजी तिने दिला. माझं नाव झाकायला तिने स्वतःवर संशय ओढवून घेतला, तेही मी इथे लिहून ठेवतो.