गाऊनचा सुटलेला धागा

आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहतो. घरी शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे येतात आणि मी त्यांचे लोंबते धागे कापते. कात्री हाताशी नसली की धागा बोटाला गुंडाळायचा आणि झटका द्यायचा. वीस वर्षांची सवय आहे.

गेल्या वर्षी आमच्या ह्यांची बायपास ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला आणि बदलापूरच्या नणंदेला बोलावून सांगितलं की हृदय बंद करणार नाही, चालू असतानाच टाके घालणार. लग्नाआधी मी शिलाई मशीनवर बसायचे. हलत्या कापडावर टाका कुठे पडतो, ते मला ठाऊक आहे. पण परक्या माणसापुढे मला बोलवत नाही.

"वहिनी, विचार की," नणंद म्हणाली. "घरी दादाला शंभर प्रश्न विचारतेस."

मी फरशीकडे बघून विचारलं, "हलत्यावर टाका वाकडा नाही जाणार?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टाके घालायचे तेवढीच जागा दाबून धरतात. बाकीचं हृदय चालू असतं. मी पडद्यावर त्याची रेघ बघत असते. दाब सोसला नाही तर रेघ बदलते, मग मी थांबा म्हणते. दाब सैल करतात, रेघ जागेवर आली की पुढचा टाका."

म्हणजे मशीनच्या कापड दाबणाऱ्या पायासारखंच. कापड ओढलं गेलं की पाय उचलायचा.

"मध्ये चहाला उठता का?" नणंदेनं विचारलं.

"रेघ सोडून नाही उठत."

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. "एकदा रेघ चढली होती. थांबलो. आता छान आहे." मी नुसते हात जोडले.

तिसऱ्या दिवशी मला आयसीयूत ह्यांच्याजवळ सोडलं. हे झोपले होते. मी त्या बाईंसारखीच खाटेशेजारच्या पडद्यावरच्या रेघेवर नजर ठेवून बसले. तेवढ्यात ह्यांच्या गाऊनच्या गळ्याशी एक धागा लोंबताना दिसला. बोट आपोआप गेलं, गुंडाळलं, झटका दिला. पडद्यावरची रेघ सरळ झाली आणि यंत्र कोकलायला लागलं.

"सिस्टर, रेघ गेली!" मी एवढ्यांदा ओरडले की सगळ्या खाटांवरची माणसं वळली.

हे डोळे उघडून म्हणाले, "काय गं, कोण गेलं?"

सिस्टर धावत आली. धाग्यात वायर अडकून छातीवरचा स्टिकर निघाला होता. तिनं तो परत चिकटवला, रेघ चालू लागली. "काका ठणठणीत आहेत, मावशी," ती म्हणाली. मग माझ्या बोटाचा धागा बघून तोंड फिरवून हसली.

"इतक्या वर्षांत चारचौघांत हिचा आवाज आज ऐकला," हे तिला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही हात पदरात गुंडाळून बसले. उशीच्या खोळीलाही एक धागा सुटला होता. सिस्टरकडे कात्री मागायचा धीर झाला नाही. तो तसाच लोंबू दिला आणि रेघ बघत राहिले.